आधी कुलूप, मग भाषण : मार्च १९३३ मधले रूझवेल्ट

४ मार्च १९३३, शनिवार. अमेरिकेचे नवे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा शपथविधी दुपारी व्हायचा होता. त्याच पहाटे चारच्या सुमारास न्यूयॉर्कचे गव्हर्नर हर्बर्ट लेहमन यांनी राज्यातल्या बँका बंद ठेवण्याच्या आदेशावर सही केली. इलिनॉयनेही तेच केलं. न्यूयॉर्क आणि शिकागो ही पैशाची दोन सर्वांत मोठी केंद्रं एका रात्रीत बंद पडली. बाकीच्या बहुतेक राज्यांनी बँकांना आधीच टाळं लावलं होतं, नाहीतर पैसे काढण्यावर मर्यादा घातली होती. शेअर बाजारही उघडला नाही.

नऊ दिवसांनी, सोमवारी १३ मार्चला, मोठ्या शहरांतल्या बँका उघडल्या. बाहेर रांगा लागल्या, पण त्यांत पैसे भरायला आलेले लोक काढायला आलेल्यांपेक्षा जास्त होते. आदल्या रात्री रूझवेल्ट रेडिओवर तेरा-चौदा मिनिटं बोलले होते.

नेतृत्वाच्या प्रशिक्षणवर्गांत ही गोष्ट हमखास येते आणि बहुतेक वेळा अर्धीच सांगितली जाते. शांत आवाज, सोपी भाषा, ‘मित्रहो’ अशी सुरुवात, आणि देश सावरला. मला हे पटत नाही. भाषण उत्तम होतं यात वाद नाही, पण ते त्या आठवड्यातलं शेवटचं काम होतं. आधीची कामं झाली नसती, तर त्याच आवाजातलं तेच भाषण सोमवारी दुपारपर्यंत हास्यास्पद ठरलं असतं.

रांगेतल्या माणसाचा हिशेब

१९३० ते १९३२ या तीन वर्षांत अमेरिकेत पाच हजारांहून जास्त बँका बुडाल्या. बहुतेक छोट्या, एका गावापुरत्या. अनेक राज्यांत बँकेने शाखा काढायला कायद्याने बंदी किंवा मर्यादा होती, त्यामुळे गावच्या गव्हाचा किंवा कापसाचा भाव कोसळला की शेतकऱ्यांची कर्जं थकत आणि गावची बँकही बसे. ठेवींना देशभर लागू असा सरकारी विमा नव्हता. अशा वेळी रांगेत पहिला उभा राहणारा पूर्ण पैसे घेऊन घरी जातो आणि बँकेवर भरवसा ठेवून बसणाऱ्याच्या हाती धुपाटणं येतं. पैसे काढणाऱ्या लोकांना ‘घाबरलेला जमाव’ म्हणण्याची पद्धत आहे, पण त्यांचा हिशेब चोख होता. रूझवेल्टना लोकांची समजूत घालायची होती हे खरं, पण त्याआधी तो हिशेब बदलायला हवा होता.

शेवटची ठिणगी मिशिगनमध्ये पडली. डेट्रॉइटच्या एका मोठ्या ट्रस्ट कंपनीला केंद्राकडून कर्ज हवं होतं. त्यासाठी हेन्री फोर्ड यांनी तिथल्या आपल्या ७५ लाख डॉलरच्या ठेवीवरचा हक्क इतरांच्या मागे ठेवावा, अशी अपेक्षा होती. फोर्ड यांनी साफ नकार दिला. १४ फेब्रुवारीला गव्हर्नर विल्यम कॉमस्टॉक यांनी राज्यातल्या सगळ्या बँका आठ दिवस बंद केल्या. शेजारच्या राज्यांतल्या ठेवीदारांनी त्यातून एकच अर्थ काढला: पुढचा नंबर आपला. ८ मार्चपर्यंतच्या चार आठवड्यांत लोकांच्या हातातली रोकड १७८ कोटी डॉलरने वाढली. त्यात डॉलरचं मूल्य उतरवलं जाणार अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा नोटा देऊन सोनं घेणाऱ्यांची गर्दी वेगळीच.

दोन आठवड्यांचं मौन

इथे या प्रकरणाचा एक अप्रिय भाग येतो. तो वगळून रूझवेल्टचं कौतुक करणं मला प्रामाणिक वाटत नाही.

निवडणूक नोव्हेंबर १९३२ मध्येच झाली होती, पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे सत्तांतर ४ मार्चला व्हायचं. (ते जानेवारीत आणणारी घटनादुरुस्ती त्याच सुमारास मंजूर झाली होती, पण लागू व्हायची होती.) म्हणजे चार महिने पराभूत अध्यक्ष हर्बर्ट हूवर खुर्चीवर आणि विजेता खुर्चीबाहेर. १८ फेब्रुवारीला हूवर यांनी रूझवेल्टना स्वहस्ते लांबलचक पत्र लिहिलं: चलनाशी खेळ होणार नाही, अंदाजपत्रक तोलून धरलं जाईल, एवढं तुम्ही जाहीर करा, लोक शांत होतील. मागणी वरकरणी रास्त होती. पण दोनच दिवसांनी हूवर यांनी आपल्या पक्षाच्या एका सिनेटरला कळवलं, की भावी अध्यक्षांनी हे मान्य केलं तर त्यांच्या तथाकथित ‘न्यू डील’ या सुधारणा-कार्यक्रमातल्या ९० टक्के गोष्टी त्यांना सोडाव्या लागतील, याची मला जाणीव आहे. सहकार्याच्या हातात बेडी होती, असंच म्हणावं लागेल.

रूझवेल्टनी दहा-बारा दिवस उत्तरच दिलं नाही. १ मार्चला उत्तर गेलं तेव्हा कारण दिलं, की सचिवाच्या चुकीने आधीचा मसुदा पाठवायचा राहून गेला.

डावपेच म्हणून हे बिनचूक होतं. जुन्या सरकारच्या धोरणावर सही न करता ते कोऱ्या पाटीने खुर्चीवर बसले आणि नंतरचं सगळं श्रेय त्यांच्या नावावर जमा झालं. पण त्या दोन आठवड्यांत राज्यामागून राज्य बंद पडत होतं आणि त्याची किंमत सामान्य ठेवीदार मोजत होता. हूवर यांच्या अटी न मानताही काही बोलता आलं असतं. या मौनाचं समर्थन करणारे म्हणतात की हातात अधिकार नसताना दिलेला शब्द फुकट गेला असता. त्यात तथ्य आहे, पण तेवढंच कारण होतं असं मला वाटत नाही.

दुसऱ्याच्या माणसांकडून काम

शपथविधीच्या भाषणातलं ‘आपल्याला भय आहे ते फक्त भयाचंच’ हे वाक्य सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच भाषणात त्यांनी सराफ-सावकारांना झोडपलं होतं: संस्कृतीच्या मंदिरातली उच्चासनं सोडून ते पळून गेले, म्हणाले. टाळ्यांची जागा. पण त्याच रात्रीपासून त्यांची माणसं ज्यांच्याबरोबर बसली, ती याच जगातली होती आणि बरीचशी हूवर सरकारची होती.

नवे अर्थमंत्री विल्यम वूडिन हे रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख होते आणि हौसेने संगीतरचना करत. मावळते अर्थमंत्री ऑग्डेन मिल्स, त्यांचे उपमंत्री आर्थर बॅलंटाइन, बँकांवर देखरेख ठेवणारे ग्लॉइड ऑल्ट ही माणसं खुर्ची गेली तरी अर्थखात्यातून हलली नाहीत. सगळे आराखडे त्यांच्याकडे होते. बँका बंद ठेवण्याच्या जाहीरनाम्याचा मसुदाही मुळात जुन्याच मंडळींनी तयार करून ठेवला होता. आधार होता १९१७ चा, शत्रुराष्ट्राशी व्यापार रोखणारा महायुद्धकाळातला कायदा. सोमवारी ६ मार्चला मध्यरात्रीनंतर एक वाजता रूझवेल्टनी हा जाहीरनामा काढला: देशभरातल्या बँकांना गुरुवारपर्यंत सुट्टी, सोनं देशाबाहेर पाठवायला बंदी.

निवडणूक जिंकून आलेल्या पक्षाला जुन्यांचं सगळंच टाकाऊ वाटतं. रूझवेल्टनी सभेत हूवरना सोडलं नाही आणि कचेरीत त्यांच्या माणसांना सोडलं नाही. रेडिओवरच्या त्या गाजलेल्या भाषणाचा महत्त्वाचा मसुदाही बॅलंटाइन यांनीच लिहिला होता, म्हणजे विरोधी पक्षाच्या, नुकत्याच हरलेल्या सरकारच्या उपमंत्र्याने. रूझवेल्टनी तो आपल्या तोंडी बसेल असा करून घेतला.

नोटांचा प्रश्न वूडिन यांनी सोडवला. बँका उघडल्यावर पुन्हा झुंबड उडाली तर द्यायला रोकड कुठून आणायची? न्यूयॉर्कच्या बँकरांनी तात्पुरत्या चिठ्ठ्या छापायची तयारी केली होती. १९०७ च्या संकटात अशा चिठ्ठ्या चालल्या होत्या. वूडिन नको म्हणाले. पैसा नाटकातल्या नोटांसारखा दिसला तर लोक आणखी बिथरतील, तो पैशासारखाच दिसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मग बँकांकडच्या चांगल्या मालमत्तेच्या तारणावर फेडरल रिझर्व्हने, म्हणजे देशाच्या मध्यवर्ती बँकेने, खऱ्या नोटा द्यायच्या असं ठरलं. सरकारी रोखे असतील तर पूर्ण किमतीइतक्या, इतर तारणावर ९० टक्क्यांपर्यंत. सरकारी छापखाना रात्रंदिवस चालला.

या तरतुदींचं विधेयक गुरुवारी ९ मार्चला काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, खास अधिवेशनात आलं. प्रतिनिधिगृहात सदस्यांना द्यायला प्रतीच नव्हत्या. बँकिंग समितीचे प्रमुख हेन्री स्टीगल यांनी ते वाचून दाखवलं, चर्चेला ४० मिनिटं ठेवली. हूवर यांच्या रिपब्लिकन पक्षाचे नेते बर्ट्रंड स्नेल यांनी उठून सांगितलं: घराला आग लागली आहे, ती अशी विझवायची असं अध्यक्ष म्हणताहेत. आवाजी मतदानाने मंजूर. सिनेटमध्ये ७३ विरुद्ध ७. रात्री साडेआठ-नऊच्या आत सही झाली.

एका दिवसात, न वाचता, असा कायदा करावा का? एरवी मी नाहीच म्हणेन. सोनं सरकारजमा करण्याचा एप्रिलमधला आदेश याच कायद्याच्या बळावर निघाला आणि त्या गुरुवारी हात वर करणाऱ्या किती जणांना त्याची कल्पना होती, कोण जाणे.

लोकांना चुचकारण्याबरोबर धाकही होता. फेडरल रिझर्व्हने ८ मार्चला जाहीर केलं, की १ फेब्रुवारीनंतर सोनं काढून नेलेल्या आणि सोमवारपर्यंत परत न केलेल्या लोकांची यादी तयार होईल. यादी वर्तमानपत्रांत येणार अशी हवा पसरली आणि पिशव्या-पेट्या घेऊन माणसं सोनं परत करायला आली. भाषणाच्या आधीच.

रविवारची रात्र

१२ मार्च, रात्रीचे दहा. ऐकणाऱ्यांचा अंदाज सहा कोटींचा सांगतात. पहिल्याच वाक्यात त्यांनी विषय सांगितला: मला अमेरिकेच्या लोकांशी काही मिनिटं बँकांविषयी बोलायचं आहे. बँकेची यंत्रणा समजणारे थोडे असतात, तिच्यात पैसे ठेवणारे आणि चेक काढणारेच फार, आणि मी बोलतोय ते या दुसऱ्यांशी.

मग धडा. तुम्ही बँकेत ठेवलेले पैसे बँक तिजोरीत ठेवून देत नाही, ती ते गुंतवते: रोख्यांत, व्यापारी कर्जात, गहाणखतांत. उद्योगाची आणि शेतीची चाकं त्यावर फिरतात. सगळ्यांनी एकदम पैसे मागितले तर भक्कमातल्या भक्कम बँकेलाही तेवढी रोकड उभी करता येणार नाही. यात धीर देणारं एकही वाक्य नाही, फक्त माहिती आहे. पण आपली बँक बंद का पडली हे इतक्या साध्या शब्दांत त्या ठेवीदाराला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. विनोदी लेखक विल रॉजर्स दुसऱ्या दिवशी म्हणाले, की अध्यक्षांनी हा रुक्ष विषय सगळ्यांना समजावला, अगदी बँकरांनासुद्धा.

यानंतरचा भाग वेळापत्रकाचा. सोमवारी फेडरल रिझर्व्हच्या प्रादेशिक बँका असलेल्या बारा शहरांतल्या तपासलेल्या बँका उघडतील, मंगळवारी क्लिअरिंग हाउस (बँकांचे आपसातले चेक वटवणारं केंद्र) असलेल्या शहरांतल्या, बुधवारपासून बाकीच्या. पहिल्या दिवशी तुमची बँक उघडली नाही तर ती उघडणारच नाही असं समजू नका, नंतर उघडणारी बँक उद्या उघडणाऱ्या बँकेच्याच लायकीची आहे. आपल्याकडे सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदाराला पहिल्या दिवशी कळलं ते एवढंच, की सहा महिन्यांत मिळून १,००० रुपये काढता येतील. उरलेले कधी मिळणार, हे सांगणारं कुणी नव्हतं. अनिश्चितता तोट्याहून जास्त छळते, हे रूझवेल्टच्या माणसांना कळलं होतं.

आणि मग वचन. यातलं कौशल्य वचनाच्या मापात आहे. प्रत्येक बँक उघडेल असं मी सांगत नाही, कुणाचंच नुकसान होणार नाही असंही सांगत नाही, पण टाळता येण्यासारखं नुकसान होणार नाही. या वचनाच्या थोडं आधी आलेलं ते प्रसिद्ध वाक्यही असंच मोजून-मापून: पुन्हा उघडलेल्या बँकेत पैसे ठेवणं हे गादीखाली ठेवण्यापेक्षा सुरक्षित आहे. फक्त ‘पुन्हा उघडलेल्या’ बँकेत. शिवाय एक मिश्किल टोमणा, की गेल्या आठवड्यात पैसे दडवून ठेवण्याचा छंद फारच जुनाट झाला आहे. सोन्याच्या यादीचा धाक याच वाक्यात हसत-हसत येऊन गेला.

आठ दिवसांपूर्वी झोडपलेल्या बँकरांविषयी या वेळी एवढंच: काही नालायक किंवा अप्रामाणिक निघाले, बहुसंख्य तसे नाहीत. उद्या ज्यांच्या खिडकीत लोकांना पैसे भरायला लावायचे, त्यांना आज चोर म्हणून चालणार नव्हतं.

त्याच रविवारी, पडद्यामागे

‘तपासलेल्या बँका’ हा शब्द रूझवेल्टनी वापरला, पण तपास कितपत झाला होता? ऑल्ट यांच्या खात्याने बँकांचे तीन वर्ग पाडले होते: लगेच उघडण्यालायक, मदत देऊन उघडण्यालायक, आणि न उघडण्यालायक. हजारो बँकांचे हिशेब चार-पाच दिवसांत नव्याने तपासणं कुणालाच शक्य नव्हतं. जुने अहवाल पाहून निर्णय होत होते.

कॅलिफोर्नियाच्या बँक ऑफ अमेरिकाचं प्रकरण याच रविवारचं. संस्थापक ए. पी. जियानिनी, ४१० शाखा, लाखो ठेवीदार. सॅनफ्रान्सिस्कोच्या फेडरल रिझर्व्हचे गव्हर्नर जॉन कॅल्किन्स यांचं मत होतं, की ही बँक उघडायला द्यायची स्थिती नाही. दोघांचं फारसं पटतही नसे. वॉशिंग्टनमधले आकडे वेगळं सांगत होते. वूडिन यांनी फोनवर कॅल्किन्सना विचारलं, की बँक बंद ठेवण्याची जबाबदारी तुम्ही अंगावर घेता का? कॅल्किन्स नाही म्हणाले. मग बँक उघडेल, वूडिन म्हणाले.

म्हणजे कागदपत्रांवर दुमत असलेली, राज्यातली सर्वांत मोठी बँक एका फोनवर ‘भक्कम’ ठरली. ती पुढे टिकली, म्हणून हा किस्सा कौतुकाने सांगितला जातो. बुडाली असती तर त्याच रात्रीच्या भाषणाला आपण थाप म्हणालो असतो. दोन्हींमधलं अंतर मला फार मोठं दिसत नाही.

पण थाप आणि वचन यांत एक फरक सरकारने आदल्या दिवशीच करून ठेवला होता. न्यूयॉर्क फेडरल रिझर्व्हचे जॉर्ज हॅरिसन यांना काळजी होती, की शंकास्पद तारणावर कर्जं देऊन नुकसान झालं तर ते कुणी भरायचं. ११ मार्चला वूडिन यांच्यामार्फत अध्यक्षांचं उत्तर गेलं: तसं झालं तर भरपाई देणं ही सरकारची बांधिलकी आहे, मी काँग्रेसकडे ती मागेन. रेडिओवर याचा उच्चार नव्हता, पण भाषणामागची पत ही होती.

नंतरचे हिशेब

बुधवारी १५ मार्चला शेअर बाजार उघडला. डाउ जोन्स निर्देशांक एका दिवसात १५ टक्क्यांहून जास्त वर गेला. टक्केवारीत तो विक्रम अजून मोडलेला नाही. मार्च संपेपर्यंत काढून नेलेल्या रोकडीपैकी सुमारे दोन तृतीयांश बँकांत परत आली होती.

काम मात्र तिथे संपलं नाही, आणि हा भाग कुठल्याच प्रशिक्षणवर्गात येत नाही. हजारो बँका त्या आठवड्यात उघडल्याच नाहीत, कित्येक कधीच उघडल्या नाहीत. तिथल्या ठेवीदारांना त्या भाषणाचा उपयोग शून्य. उघडलेल्यांपैकीही अनेकांकडे पुरेसं भांडवल नव्हतं. टेक्सासचे जेसी जोन्स यांच्या हाताखालचं सरकारी वित्त महामंडळ पुढे वर्ष-दीड वर्ष बँकांचे प्राधान्य भाग (प्रेफरन्स शेअर) विकत घेत होतं, सहा हजारांवर बँकांत मिळून १०० कोटी डॉलरहून जास्त. सप्टेंबर १९३३ मध्ये शिकागोत बँकरांच्या अधिवेशनात जोन्स यांनी तोंडावर सांगितलं, की या खोलीतल्या निम्म्या बँका मुळात दिवाळखोर आहेत. मार्चमध्ये दिलेलं वचन खरं करण्याचं काम सप्टेंबरातही चालू होतं.

रूझवेल्टनी रेडिओचा वापरही जपून केला. दर आठवड्याला बोला असा आग्रह होत असे. बारा वर्षांत त्यांची अशी भाषणं झाली तीसच्या आसपास. १९३५ मध्ये पत्रकार रे स्टॅनर्ड बेकर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटलंय, की लोकांचं मन सप्तकातल्या सर्वांत वरच्या सुराला फार काळ लागून राहू शकत नाही.

एक प्रश्न मात्र त्यांच्या मनाविरुद्ध सुटला. ठेवींना सरकारी हमी द्यायला रूझवेल्टचा विरोध होता. चांगल्या बँकांनी वाईट बँकांची पापं का भरायची, असं ते म्हणत. स्टीगल आणि रिपब्लिकन सिनेटर आर्थर व्हँडेनबर्ग यांनी रेटा लावला, लोकमत त्यांच्या बाजूने होतं, आणि १६ जूनच्या बँकिंग कायद्यात ठेव विमा आला. रूझवेल्टनी सही केली. १ जानेवारी १९३४ पासून २,५०० डॉलरपर्यंतच्या ठेवीला संरक्षण मिळालं. आधीच्या चार वर्षांत नऊ हजारांच्या आसपास बँका बुडाल्या होत्या. १९३४ मध्ये विमा असलेल्यांपैकी बुडाल्या नऊ.